एकाच वेळेला जेवतो दोघं. त्यांचं साडेसहा किलो उतरलं, माझं अडीच

रंगीत_रीळ, चोपडा

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापासून मी आणि आमचे हे, दोघांनी मिळून सोळा-आठ सुरू केलं. दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्यातच खायचं, बाकी सोळा तास फक्त पाणी. ह्यांची एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आली होती, डॉक्टर म्हणाले मधुमेहाच्या उंबऱ्यावर आहात. आमच्या गल्लीत अर्धे लोक डॉ. दीक्षितांच्या दोन जेवणांवर आहेत, पण ह्यांना पंचावन्न मिनिटांत जेवण उरकणं कापसाच्या जिनिंगच्या कामात जमेना, म्हणून आठ तासांचं ठरवलं. एकट्याला जमणार नाही म्हणून मीही सोबत.

आता आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आली. तीन महिन्यांचा हिशेब असा:

हे: वय ४६, उंची पाच फूट सात. ८४ किलोवरून ७७.५. पोटाचा घेर ४० इंचावरून ३६.५.
मी: वय ४२, उंची पाच फूट एक. ७१ वरून ६८.४. कंबर ३४.५ वरून ३३, सीट (नितंबांचा घेर) ४४ वरून ४३.

ह्यांच्या पट्ट्याला दोन नवीन भोकं पाडली. माझ्याकडे बघून कुणी काही ओळखत नाही. सासूबाई परवा म्हणाल्या, "तू शिवता शिवता काही तोंडमा टाकत व्हशी." त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण मला फार लागलं ते. सकाळचा दुधाचा चहासुद्धा मी सोडलाय. पहाटे साडेपाचला उठते, डबे करते, भाकरीचा खमंग वास नाकात घेऊन बारा वाजेपर्यंत मशीनवर बसते.

आता मूळ गोष्ट. मी एकवीस वर्षं शिवणकाम करते. मापांच्या वह्या सगळ्या जपून ठेवल्यात, एकेका बाईची पंधरा-पंधरा वर्षांची मापं आहेत. गेल्या दोन-तीन वर्षांत उपास करून बारीक झालेल्या बऱ्याच जणी कपडे आत घ्यायला आल्या. सगळ्यांच्या पानावर एकच क्रम दिसतो. आधी दंडघेर उतरतो, गळा सैल होतो. मग छाती, मग कंबर. सीट आणि मांडी सगळ्यात शेवटी, आणि काहींची हलतच नाही. एका ताईंचे चार ब्लाउज मी दोन-दोन इंच आत घेतले आणि त्याच दिवशी त्यांच्या सलवारीला टीपही लावावी लागली नाही. पण ज्यांची सीट मुळातच लहान आणि पोट पुढे आहे, त्यांची कंबर दोन महिन्यांत सुटते. म्हणजे बाईमाणसांतही फरक आहेच.

म्हणून विचारते: हा फरक बाई आणि पुरुष असण्याचा, की अंगाच्या ठेवणीचा? की माझंच कुठे चुकतंय? जाणकारांनी खरं ते सांगावं. मनाला लावून घेणार नाही.

भुसावळ_यार्ड

ताई, तुमचं काही चुकत नाही. पण उपासाच्या घड्याळात जादू आहे असं समजून चालू नका, एवढं आधी सांगतो. २०२० साली अमेरिकेत ११६ लोकांवर बारा आठवडे नेमका हाच प्रयोग झाला, दुपारी बारा ते रात्री आठ. बाकी काय खायचं त्यावर बंधन नव्हतं. उपासवाल्यांचं सरासरी एक किलोसुद्धा उतरलं नाही, आणि न करणाऱ्यांशी फरक नगण्य. २०२२ साली चीनमध्ये १३९ लोकांवर वर्षभर केला, दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी दिल्या. वेळ पाळणाऱ्यांचं ८ किलो, न पाळणाऱ्यांचं ६.३. संख्याशास्त्राच्या हिशेबाने तो फरक धरता येत नाही.

म्हणजे उतरतं ते कमी खाल्ल्याने. घड्याळ कमी खायला मदत करतं, कुणाला जास्त, कुणाला कमी. तुम्ही दोघं संक्रांतीच्या आधी काय आणि केव्हा खात होता, ते लिहा. उत्तर तिथे सापडेल असं मला वाटतं.

रंगीत_रीळ, चोपडा

दादा, तुम्ही विचारलंत म्हणून काल रात्री बसून आठवलं.

हे आधी सकाळी आठला पोहे किंवा कालची पोळी-भाजी, दहाला जिनिंगवर कुणीतरी आणलेले समोसे-कचोरी, दिवसातून चार वेळा साखरेचा चहा, संध्याकाळी घरी आले की शेव-मुरमुरे आणि रात्री साडेनऊला जेवण. त्यातलं सकाळचं सगळं गेलं, दोन चहा गेले, रात्रीचं अलीकडे आलं.

आणि मी? मी सकाळी कधी खातच नव्हते. एक चहा. मुलांचे डबे, सासूबाईंचा नाश्ता, मग गिऱ्हाईक. पहिला घास तोंडात जायला साडेअकरा-बारा व्हायचेच. रात्री सगळ्यांचं झाल्यावर दहाला जेवायचे. म्हणजे माझे चौदा तास आधीपासूनच चालू होते, फक्त त्याला उपास म्हणत नव्हते. संक्रांतीनंतर माझ्यात बदललं काय? एक चहा आणि दोन तास.

हे लिहिताना मलाच पहिल्यांदा कळलं.

पांझराकाठ, धुळे

ताई, मी आहारतज्ज्ञ आहे, सतरा वर्षं धुळ्यात काम करते. तुमची शेवटची पोस्ट मी माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांच्या तोंडून ऐकली आहे. घरातल्या बाईचा नाश्ता मुळातच नसतो, मग सोळा-आठ तिच्या ताटातून काढणार काय? भुसावळकर दादांचं म्हणणं बरोबर आहे. पण तेवढ्यावर फरक पुरा होत नाही. शरीरं खरोखर वेगळी आहेत, ते सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, बसल्या जागी लागणारी ऊर्जा. तुमच्या आकड्यांवरून मिफ्लिन-सेंट जिओर या सूत्राने हिशेब केला: तुमच्या यजमानांचं शरीर काहीही काम न करता दिवसाला साधारण १,६८० कॅलरी वापरतं, तुमचं १,३१०. फरक ३७० चा. उंची, वजन आणि मुख्यतः स्नायू यांमुळे हा फरक पडतो. तुम्ही दोघं समोरासमोर बसून सारख्याच भाकरी खाल्ल्या, तर त्यांच्या शरीराला त्या कमी पडतात आणि तुमच्या शरीराला पुरतात. किलोभर चरबीत अंदाजे ७,७०० कॅलरी असतात. नव्वद दिवस ३७० ने गुणून बघा, चार किलोच्या वर जातं. तुमच्या दोघांतला फरक ३.९ किलोचा आहे. शरीर इतकं काटेकोर गणिताने चालत नाही हे मान्य, पण तुम्ही लपून खाताय म्हणून हा फरक पडलाय असं कुणी म्हणत असेल तर हा कागद त्यांच्यापुढे ठेवा.

दुसरी गोष्ट तुमच्या वह्यांतली, आणि ती मला फार मोलाची वाटली. उपासात इन्शुलिन खाली येतं, आणि चरबीच्या पेशींना "सोड" असा निरोप नॉरअ‍ॅड्रेनॅलिन देतं. पण पेशीवर तो निरोप घेणारे दोन प्रकारचे रिसेप्टर असतात. बीटा प्रकारचे चरबी सुटू देतात, अल्फा-२ प्रकारचे अडवतात. बायकांच्या मांड्या आणि सीटच्या चरबीत अल्फा-२ चं प्रमाण जास्त. तिथला रक्तपुरवठाही पोटाच्या मानाने कमी. उलट पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेली चरबी पटकन सुटते. पुरुषांची चरबी बायकांच्या मानाने तिथे जास्त बसते, म्हणून तुमच्या यजमानांच्या पट्ट्याला भोकं पडली.

ही सीटची चरबी इस्ट्रोजेन हा बायकांचा हार्मोन तिथे साठवतो ते गरोदरपण आणि अंगावर पाजणं यांसाठी. बाळ अंगावर पीत असताना तीच चरबी जास्त सहज सुटते. निरोगी बाईच्या अंगात चरबीचं प्रमाण पुरुषापेक्षा जास्तच असायला हवं, त्यावर तिची पाळी अवलंबून असते. ती शून्यावर आणायची गोष्ट नाही.

आणि हेही समजून घ्या: जी चरबी लवकर उतरते, तीच जास्त घातकही आहे. पोटाच्या आतली चरबी यकृतावर बसते, साखर वाढवते. मांड्यांवरची तितका त्रास देत नाही. भारतीयांसाठी कंबरेची धोक्याची रेषा पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०. इंचांत साडेपस्तीस आणि साडेएकतीस. तुम्ही ३३ वर आहात, अजून दीड इंच बाकी. यजमान ३६.५ वर, त्यांचा एक बाकी. म्हणजे रेषेपासून दोघंही जवळपास सारख्याच अंतरावर आहात.

२०१८ साली प्रिव्ह्यू नावाच्या मोठ्या अभ्यासाचे आकडे प्रसिद्ध झाले. दोन हजारांहून जास्त माणसं, सगळी मधुमेहाच्या उंबऱ्यावरची, आठ आठवडे दिवसाला सुमारे ८०० कॅलरी. तो सोळा-आठचा अभ्यास नव्हता, पण सगळ्यांना सारखाच आहार होता म्हणून सांगते. पुरुषांचं वजन ११.८ टक्के उतरलं, बायकांचं १०.३. सीटचा घेर बायकांचा जास्त घटला. आणि जी गोष्ट मी प्रत्येकीला सांगते: बायकांचे स्नायूही जास्त गेले.

केळीबाग, रावेर

पांझराकाठ ताई, पोटाचं लिहिलंत म्हणून माझं सांगतो. मी बारीक माणूस. वय ३९, वजन ६६, हातपाय काटक्या. आयुष्यात कुणी जाड म्हटलं नाही. पण कंबर ३७ इंच आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ३१०. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा तपासायला लावलं, त्यांनाही खरं वाटेना.

तेव्हा पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामाबद्दल वाचलं. त्यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. चरबी मात्र सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडचा माणूस दिसायला बारीक, आत चरबी. मला तो फोटो बघून माझाच फोटो बघतोय असं वाटलं.

मी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा केलं. बागेत पाणी द्यायच्या पाळ्या असतात, रात्री उशिरा जेवून झोपायचो, ते बंद केलं. पाच महिन्यांत वजन फक्त ३ किलो उतरलं, पण कंबर ३३.५ वर आली आणि ट्रायग्लिसराइड १७०. काट्यावर बघितलं असतं तर मी हे दुसऱ्या महिन्यातच सोडलं असतं. रंगीत_रीळ ताई, तुमच्या हातात टेप आहे हे फार चांगलं.

वाचनालय_खिडकी, पारोळा

मी २४ वर्षांची आहे, धुळ्यात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. हे इथे लिहावं की नाही असा विचार दोन दिवस केला. लिहिते, कारण माझ्यासारख्या मुली वाचत असतील.

माझं वजन ५८ होतं, उंचीला फार नव्हतंच. पण मांड्या जाड म्हणून मैत्रिणीच्या नादाने वीस-चार सुरू केलं. मेसचं एक जेवण, तेवढंच. मांड्यांवर काही फरक नाही. गाल बसले, केस गळायला लागले, ५२ वर आले आणि पाळी बंद झाली. पहिला महिना वाटलं परीक्षेचं टेन्शन. दुसऱ्या महिन्यातही आली नाही तेव्हा घाबरून घरी सांगितलं. आईने ताट पुढे केलं आणि एवढंच म्हणाली, "कसाले उपाशी ऱ्हास माय?" मी खूप रडले.

डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि हार्मोनच्या तपासण्या केल्या, सगळं ठीक होतं. त्या म्हणाल्या शरीराला पुरेसं मिळत नाही म्हणून त्याने पाळी थांबवली आहे. तीन वेळा जेवायला लागल्यावर चौथ्या महिन्यात आली. आता मी रात्री आठ ते सकाळी आठ काही खात नाही, बाकी पोटभर जेवते.

पांझराकाठ, धुळे

वाचनालय_खिडकी, तू लिहिलंस ते फार बरं केलंस.

मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरावीक लयीत जीएनआरएच नावाचा संदेश सोडतो, त्यावर पाळीचं सगळं चक्र फिरतं. अन्न कमी पडतंय असं दिसलं की ती लय मंदावते. पुरुषांमध्येही असं होऊ शकतं, पण बाईचं शरीर हा तुटवडा लवकर ओळखतं. त्यात आधीच बारीक, वय लहान, झोप कमी आणि ताण, असं असेल तर लांबचे उपास मुळीच करू नयेत. लागोपाठ दोन पाळ्या चुकल्या तर उपास थांबवायचा आणि डॉक्टरांकडे जायचं. थांबून बघू म्हणायचं नाही.

पीसीओएसचं, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते त्या त्रासाचं, गणित वेगळं असतं. तिथे इन्शुलिन चढलेलं असतं आणि पोटावर चरबी असते. अशा मुलींना बारा-तेरा तासांच्या रात्रीच्या खंडाचा फायदा झालेला मी पाहिला आहे, पण तोही डॉक्टरांना विचारून.

उपासावरचे जे निष्कर्ष सगळे एकमेकांना सांगतात, ते कुणावर तपासलेत तेही बघत जा. दुपारपर्यंतच जेवून इन्शुलिन सुधारतं, असं दाखवणारा २०१८ चा गाजलेला प्रयोग आठ जणांवर होता, आणि आठही पुरुष. २००५ साली एका छोट्या प्रयोगात सडपातळ स्त्री-पुरुषांना दिवसाआड उपास करायला लावला, तर जेवणानंतरची साखर हाताळण्याची क्षमता बायकांमध्ये किंचित बिघडलेली दिसली, पुरुषांमध्ये नाही. छोट्या प्रयोगांवरून मोठी विधानं करू नयेत, पण पुरुषांवरचं उत्तर जसंच्या तसं बाईला लावू नये, एवढं यावरून नक्की म्हणता येतं.

जात्यावरची_ओवी, अमळनेर

माझं वय ५३. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. तरुणपणी माझी ठेवण रंगीत_रीळसारखीच, खाली जड, कंबर बारीक. पाळी गेली आणि दोन वर्षांत वजन फक्त ४ किलो वाढलं, पण कंबर ३१ ची ३६ झाली. मांड्या उलट बारीक झाल्या. आरशात दुसरीच कुणी बाई बघते आहे असं वाटायचं.

मी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच जेवते. घरात पाचला जेवणारी मी एकटीच, पण नवऱ्याने साथ दिली, तो रात्री आपलं ताट आपण वाढून घेतो. पाच महिन्यांत ४ किलो आणि कंबर अडीच इंच. तरुणपणी कधी इतकं पोट उतरलं नव्हतं. ते कसं काय?

पांझराकाठ, धुळे

मावशी, इस्ट्रोजेन गेलं की चरबीचं बसायचं ठिकाण पुरुषांसारखं होतं, पोटाकडे सरकतं. आणि पोटावरचं उपासाला लवकर दाद देतं. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात क्रिस्टा वरडी यांच्या गटाने पाळी चालू असलेल्या आणि पाळी गेलेल्या, दोन्ही प्रकारच्या लठ्ठ बायकांना आठ आठवडे रोज चार ते सहा तासांतच जेवायला लावलं. वजन दोघींचं साधारण सारखंच उतरलं. म्हणजे "पाळी गेल्यावर आता काही होत नाही" हे खरं नाही. डीएचईए नावाचा हार्मोन मात्र १४ टक्क्यांच्या आसपास घटला. तुमच्या वयात हाडांकडे लक्ष हवं. ताक, नाचणी, तीळ सोडू नका आणि रोज थोडं वजन उचला.

शिरपूर_मोहल्ला

एक गोष्ट मनात आली. आमच्याकडे रमजानच्या रोज्यात पाळीच्या दिवसांत बायकांना रोजा नसतो, ते दिवस नंतर भरून काढतात. गरोदर आणि पाजणाऱ्या बाईलाही त्रास होत असेल तर सूट आहे. आजी म्हणायची, बाईच्या अंगाचा महिना सगळे दिवस सारखा नसतो. सोळा-आठवाले मात्र महिन्याचे तीस दिवस एकच वेळ सांगतात. मी पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस बारा तासांवर येते. भूक त्या दिवसांत वेगळीच लागते, अंगाला सूजही असते. काट्यावर दीड किलो जास्त दिसतं आणि पाळी आली की आपोआप जातं.

रंगीत_रीळ, चोपडा

शिरपूरच्या ताई, हे तर माझ्या लक्षातच आलं नाही. मी दर महिन्याच्या एक तारखेला वजन करते. एप्रिलची एक तारीख पाळीच्या दोन दिवस आधी आली होती.

मिरची_पथारी, नंदुरबार

विषय बायकांचा चाललाय, पण पुरुषांनी एक वाचून ठेवा. मी ५५, मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी चालू. पोट उतरतंय म्हणून हुरूप आला आणि डॉक्टरांना न विचारता सोळा-आठ धरलं. गोळी मात्र सवयीने सकाळीच घेत राहिलो. मे महिना, पथारीवर मिरची वाळत घातलेली, अकराच्या उन्हात उभा होतो. हात थरथरायला लागले, सदरा घामाने भिजला, समोरच्या माणसाचं नाव आठवेना. शेजारच्या पोराने साखरेचं पाणी पाजलं. मोजली तर साखर ५४.

आता गोळी बदलून दिली आहे आणि मी सकाळी नऊला जेवतो. आपल्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर विचारल्याशिवाय एक दिवसही करू नका. रक्तदाबाच्या गोळीवाल्यांनीही विचारावं.

भुसावळ_यार्ड

काका, हे लिहिलंत ते फार गरजेचं होतं.

मी वर सगळं कॅलरीवर सोडून दिलं होतं. ते अर्धंच होतं, हे इथल्या पोस्ट वाचून पटलं. त्याच २०२० च्या अभ्यासात आणखी एक आकडा आहे जो तेव्हा मी दुर्लक्षित केला होता: ज्यांना प्रयोगशाळेत बोलावून तपासलं, त्या उपासवाल्यांचं १.७ किलो उतरलं आणि त्यातलं १.१ किलो स्नायूंचं वगैरे होतं, चरबीचं नाही. बाईचे स्नायू आधीच कमी. तेच गेले तर पुढच्या वेळी तेवढ्याच जेवणावर वजन वाढेल.

पोपटी_वाटाणा, जळगाव

सकाळी दोन चमचे दूध घातलेला बिनसाखरेचा चहा चालतो का? आणि श्रावणात सोमवारी साबुदाणा खाल्ला तर ते यात धरायचं का?

पांझराकाठ, धुळे

पोपटी_वाटाणा, दोन चमचे दुधाने वजनाचं काही बिघडत नाही, त्यासाठी जीव टांगणीला लावू नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, वर शेंगदाणे-तूप-बटाटा. एक वाटी खिचडी भरपेट जेवणाएवढी होते. त्या दिवशी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, ताक, असं करा.

रंगीत_रीळ ताई, आता तुमच्यासाठी नेमकं. सोळा तासांचे अठरा करू नका. तुमचा नाश्ता आधीच नव्हता, तो आणखी लांबवून काही मिळणार नाही. उलट खाण्याच्या वेळेची खिडकी अलीकडे सरकवा: साडेदहा ते साडेसात. रात्री सगळ्यांचं झाल्यावर दहाला उरलंसुरलं संपवण्याची सवय बायकांचं फार नुकसान करते. त्या वेळी पोळी ताजी नसते, भाजी संपलेली असते, म्हणून भात आणि लोणच्यावर भागतं. तुम्ही आठला जेवण संपवता हे खरं, पण घरच्यांसोबत बसून की त्यांना वाढता वाढता, ओट्याशी उभं राहून?

कळण्याची भाकरी आपल्याकडे आहेच, ज्वारीत उडीद दळलेला. ती एक, आणि त्यासोबत घट्ट डाळ किंवा मठाची उसळ वाटीभर, दोन्ही वेळेला. अंडी चालत असतील तर दोन. शेवभाजीवरचा तर्रीचा तवंग काढून टाका, शेव निम्मी करा. मशीनवरून उठून दर तासाला पंधरा उठाबशा, खुर्चीचा आधार घेऊन. सीट आणि मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे, ते टिकवायचे आहेत. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्त कमी आहे, हा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा आहे. रक्त कमी असताना उपास केला की फक्त थकवा पदरात पडतो.

आणि एक माप बदला. शिवणकामात कंबर परकराच्या नाडीवर घेतात ना? तब्येतीसाठी ती थोडी वर घ्यायची. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता.

रंगीत_रीळ, चोपडा

ओट्याशी उभं राहूनच, ताई. तुम्हाला कसं कळलं?

हिमोग्लोबिन करून आणलं, ९.८. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. टीएसएच ठीक आहे. तुमचा ३७० चा हिशेब ह्यांना वाचून दाखवला. हे काही बोलले नाहीत, रात्री सगळ्यांसाठी पाट मांडले तेव्हा माझाही मांडला. सासूबाईंनी मला वाढलं.

रंगीत_रीळ, चोपडा

बऱ्याच दिवसांनी येतेय. आखाजी झाली. मांडे आणि आमरस दोन्ही खाल्लं, मोजून नाही. पाच आठवडे झाले साडेदहा-साडेसात करून. पाळी संपल्यावर सहाव्या दिवशी मापं घेतली, आता दर महिन्याला त्याच दिवशी घेणार. वजन ६८.१, म्हणजे तीनशे ग्रॅमच. कंबर ३२.५. सीट ४२.५. एकवीस वर्षांत माझ्या स्वतःच्या पानावर ४३ च्या खाली सीट पहिल्यांदा लिहिली. काल माझ्या दोन सलवारी उसवून आत घेतल्या, माया (शिवणीतलं जादा कापड) कापली नाही.

ह्यांची एचबीएवनसी ५.७.

आणखी एक विचारायचं आहे. आखाजीला नणंद आली होती. बाळंत होऊन सात महिने झालेत, अंगावर पाजते. आमचं बघून तिलाही उपास सुरू करायचाय, गावी जायच्या आधी मापं घेऊन गेली माझ्याकडून. तिला काय सांगू?

पांझराकाठ, धुळे

पाजते आहे तोवर नाही, हे तिला आजच फोन करून सांगा. दुधासाठी तिला रोज जवळपास पाचशे कॅलरी जास्त लागतात. तीन जेवणं, मध्ये काहीतरी, डिंकाचे नाही तर अळिवाचे लाडू, भरपूर पाणी. तिची मापं वहीत राहू देत, बाळाचं अंगावरचं सुटलं की त्याच पानावर पुढचं माप घ्या.

आणि ९.८ चं रक्त दोन महिन्यांनी परत तपासा.